सबमिशन झालं की यंत्र परत नेऊ नका

प्रति,
कोल्हापूर आणि परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, प्रोजेक्ट गाईड आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी यांस

विषय : मेंदूच्या लहरींवर चालणारी साधने आमच्या घरी आणण्याबाबत आणि ती आमच्या घरी राहू देण्याबाबत

सस्नेह नमस्कार.

मी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत राहते. माझा मुलगा 11 वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा तो उशिरा रडला, पुढचे 19 दिवस काचेच्या पेटीत होता. सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा जाणं. डॉक्टर या मुलांच्या हालचालींच्या पाच पातळ्या करतात, त्यातली पाचवी, सगळ्यात गंभीर, त्याच्या कागदावर लिहिलेली आहे. हात, पाय, मान, जीभ, काहीच त्याच्या ताब्यात नाही. समजतं मात्र सगळं. वडिलांची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की आमच्या आधी त्याला कळतं. 'हो' म्हणायचं असलं की तो नजर वर छताकडे नेतो. 'नको' अजून त्याला नीट सांगता येत नाही. नको असलं की ओठ घट्ट मिटतो, पण अंग आखडलं तरी त्याचे ओठ तसेच मिटतात. त्यामुळे भात नको आहे की पाय दुखतोय, हे आम्ही अंदाजाने ठरवतो. 11 वर्षं आमचा अंदाजच त्याच्या वतीने बोलत आला आहे.

तुमच्यातली चार मुलं दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी आली होती. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण मला कुणाला उणं दाखवायचं नाही. मुलं गुणी होती. चपला बाहेर काढून आत आली, पहिल्याच दिवशी त्याच्याशी बोलली, माझ्याशी नव्हे. आठ इलेक्ट्रोडची, म्हणजे टाळूवरून मेंदूची वीज टिपणाऱ्या चकत्यांची टोपी, लॅपटॉप आणि रिमोटवरची एक लाल खेळण्यातली गाडी, एवढं सामान. त्याने मनात 'ढकल' म्हटलं की गाडी पुढे जाईल, आणि सैल सोडलं की थांबेल, असा बेत होता.

पहिले पाच दिवस काही झालं नाही. सहाव्या दिवशी गाडी हलली. थांबली. पुन्हा हलली. सासूबाई जमिनीवर बसून गवारी मोडत होत्या. गाडी त्यांच्या पायाला जाऊन लागली आणि त्या म्हणाल्या, "व्हय रं, तूच चालीवलीस व्हय? आण, आजून आण हिकडं." त्याने आणली. तीन वेळा मागून तीन वेळा आणली. नऊ वर्षांत त्या घरात एखादी वस्तू त्याच्या मर्जीने जागची हलली होती, अशी ती पहिलीच वेळ.

पुढे तीन आठवडे मुलं येत राहिली. मग सबमिशन झालं, व्हायवा झाली, एका स्पर्धेत प्रोजेक्टला पहिलं बक्षीस मिळालं. मुलं पेढे घेऊन आली, त्याला पेढा चाटवला, फोटो काढले. टोपी लॅबची होती, ती लॅबमध्ये जमा करावी लागली. ती मुलं आता पुण्याला, बेंगळुरूला नोकरीला आहेत, दिवाळीला एकाचा फोनही येतो. पण त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला माझा मुलगा दाराकडे बघत असायचा. मी त्याला सांगितलं, दादांची परीक्षा संपली. त्याने ओठ मिटले. नको म्हणत होता की आखडला होता, ते मला आजही ठाऊक नाही.

हे पत्र त्या महिन्याबद्दल आहे.

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्यासारख्या आईबापांना फोन येतात. "मॅडम, माइंड कंट्रोल्ड व्हीलचेअर करतोय, एक पेशंट पाहिजे." आमच्या फिजिओच्या बाकावर बसणाऱ्या बायकांत या फोनची चर्चा असते. कुणीच नाही म्हणत नाही, कारण प्रत्येकीला वाटतं, काय सांगावं, या वेळी लागेल. म्हणून तुमच्यापैकी जे पुढच्या वर्षी हा विषय घेणार आहेत, त्यांनी घर कसं असतं ते आधी ऐकून घ्यावं. प्रयोगशाळा तुम्हाला माहीत आहे.

टाळूवर इलेक्ट्रोडला जे मिळतं ते काही मायक्रोव्होल्टचं असतं, फार तर शंभरेक. एका व्होल्टचे दहा लाख मायक्रोव्होल्ट, हे तुम्ही शिकलेलेच आहात. पण पापणी लवली, दात आवळले, मान ताठली, की स्नायूंची वीज त्याहून कितीतरी मोठी येते आणि मेंदूची कुजबुज त्यात बुडते. तुम्ही एकमेकांच्या डोक्यावर टोपी घालून चाचणी घेता तेव्हा "हलू नकोस" म्हटलं की मित्र हलत नाही. माझ्या मुलाला "हलू नकोस" म्हटलं की तो जास्त आखडतो. त्याच्याकडून काम काढायचं असेल तर शब्दच बदलावा लागतो. त्या चौघांपैकी एका मुलीला ते उमगलं. ती म्हणायची, "गाडीला सांग." तेवढ्याने खांदे सैल पडायचे.

मग तेल. आमच्याकडे रोज रात्री टाळूवर तेल पडतं, सासूबाईंचा तो नेम आहे. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड धरत नाही, म्हणून त्या दिवसांत तेल बंद केलं होतं. जेल लावलं की नंतर केस धुवावे लागतात. ज्याला मान धरता येत नाही त्याचे केस धुणं हे दोन माणसांचं काम आहे, एकाने डोकं तोलायचं, दुसऱ्याने पाणी घालायचं. मिठाच्या पाण्यात भिजवायचे सेन्सर बरे, पण उन्हाळ्यात ते लवकर सुकतात. शिवाय खुर्चीचा डोक्यामागचा आधार नेमका मागच्या इलेक्ट्रोडवर दाबतो. आणि टोपी मोठ्यांच्या मापाची, आमच्या मुलांची डोकी लहान.

मग गल्ली. पाचला पाणी सुटतं. पाणी सुटलं की गल्लीभर मोटारी चालू होतात आणि लॅपटॉपवरची रेघ केसाळ व्हायची. मुलं वैतागली होती. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला आणि जुन्या प्लगचं अर्थिंग तपासलं, तेव्हा घरातल्या विजेची ती 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 वेळा उठणारी घरघर बरीच खाली आली. तारा अंगाला लागलेल्या असताना बॅटरीवर चालवणं मुलाच्या दृष्टीनेही सुरक्षित, हे मला तेव्हा कळलं. हे सगळं तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एका ओळीत उरकतं. आमच्या घरात यंत्र राहणार की कपाटावर जाणार, ते यावरच ठरतं.

वेळेचा हिशेबही मांडते. टोपी बसवून सिग्नल लागेपर्यंत 35 मिनिटं जायची. तो ताजा असण्याचा वेळ दिवसातून एकदा, दुपारी झोपून उठल्यावर, फार तर 40 मिनिटं. म्हणजे गाडी चालवायला पाच मिनिटं उरायची. म्हणून आमच्यासाठी पहिली कसोटी अचूकता नव्हे. मी स्वयंपाकात असताना 68 वर्षांची बाई ती टोपी एकटीने दहा मिनिटांत घालू शकते का, ही पहिली कसोटी.

अचूकतेबद्दल आता लिहिते, कारण माझ्या मुलाच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक तिथेच होऊ शकते. मी वाचलेल्या लेखांत 70 टक्के हा आकडा कामचलाऊ उंबरठा म्हणून वारंवार येतो. दोन पर्याय असतील तर नाणं उडवूनही 50 टक्के मिळतात, मग 70 म्हणजे काय? खेळण्यातली गाडी दहातून तीनदा चुकली तर सासूबाई हसतील. पण त्याने दहा वेळा 'नको' म्हटलं आणि तीन वेळा यंत्राने 'हो' म्हणून सांगितलं, तर मी त्याच्या तोंडात घास कोंबणार, आणि तेही यंत्राच्या साक्षीने. आज निदान माझा अंदाज आहे हे मला माहीत असतं. तेव्हा खेळ आणि बोलणं यांना एकच माप लावू नका. आधी गाडी, आधी पंखा, आधी गाणं. आणि 'हो-नको' द्याल तेव्हा यंत्राने प्रत्येक उत्तर दोनदा विचारावं, आणि खात्री नसली तर "कळलं नाही" असं स्पष्ट मराठीत बोलावं. "कळलं नाही" म्हणणारं यंत्र मला आवडेल.

हेही सांगते की हे सगळं अशक्य कोटीतलं नाही. 1924 मध्ये जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा टिपली. 1988 मध्ये अमेरिकेतल्या फारवेल आणि डॉन्चिन या संशोधकांनी पडद्यावरची अक्षरं लुकलुकवून, हवं ते अक्षर आल्यावर साधारण 300 मिलिसेकंदांनी मेंदूत उठणाऱ्या लाटेवरून शब्द लिहून घेतले. पुढची बरीच वर्षं हे संशोधन मोठ्या माणसांभोवतीच फिरलं. मुलांकडे नेटाने वळले ते कॅनडातले लोक. कॅलगरीच्या मुलांच्या हॉस्पिटलात ॲडम कर्टन हे बालमेंदूविकारतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी माझ्या मुलासारख्या मुलांना टोप्या घालतात. ती मुलं गाड्या चालवतात, चित्रं रंगवतात, खेळ खेळतात. एडमंटन आणि टोरांटोच्या पुनर्वसन केंद्रांतही हे काम चालतं. मला त्यातली एक गोष्ट फार पटली. तिथे टोपी घरी नेण्याचा विचार कामाचाच भाग मानला जातो, आणि खेळ हा उपचाराइतकाच गंभीर धरला जातो. 11 वर्षांच्या मुलाला आधी गाडीच हवी असते. बँकेचा फॉर्म भरायला त्याला पुढे आयुष्य पडलं आहे.

डोक्यात चिप बसवण्याचे व्हिडिओ मला नातेवाईक पाठवत असतात. जानेवारी 2024 मध्ये न्यूरालिंक या अमेरिकन कंपनीने पहिल्या माणसाच्या मेंदूत ती बसवली. तो प्रौढ माणूस होता आणि ती चाचणी होती. माझ्या मुलाची कवटी उघडण्याची चर्चा मला कुणाशीच करायची नाही. बाहेरून घालायच्या टोपीबद्दल बोलू या.

एक गोष्ट मनाला लागली आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या चौघांच्या आधीही एक गट आला होता, कपाळावर एकच सेन्सर असलेला पट्टा घेऊन. दिवा "मनाने" लागतो असं त्यांनी सांगितलं. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की त्याने डोळे मिचकावले की दिवा लागतोय. विचारलं तर एक मुलगा खाली बघत म्हणाला, "हो काकू, ब्लिंकवरच आहे, पण टायटल ब्रेन-कॉम्प्युटरचं दिलंय." अरे, डोळ्याच्या मिचकावण्यावर दिवा लागत असेल तर ती केवढी मोठी गोष्ट आहे! स्टीफन हॉकिंग शेवटची अनेक वर्षं गालाच्या एका स्नायूवर बोलले, चष्म्याला लावलेला सेन्सर तो टिपायचा. मेंदूचं नाव दिलं म्हणून यंत्र मोठं होत नाही. उलट आम्ही आईबाप फसतो. मूल मनाने करतंय असं आम्हाला वाटतं, आणि उद्या डोळ्यांवर ताण आला, मिचकावणं बंद झालं, की "त्याला आता समजत नाही" असा अर्थ आम्ही लावतो. तेव्हा खरं काय मोजताय ते खरं सांगा, रिपोर्टमध्येही आणि आमच्या घरातही.

यावरून दुसरं. सरळ बीसीआयला, म्हणजे मेंदूच्या लहरींवर चालणाऱ्या यंत्राला, हात घालू नका. आधी मुलाकडे एखादी तरी भरवशाची हालचाल आहे का, ते शोधा. गाडी परत गेल्यावर आमच्या फिजिओने आठवडाभर निरीक्षण केलं आणि माझ्या मुलाचा डावा गुडघा बाहेरच्या बाजूला थोडा ढकलता येतो, हे सापडलं. त्याचे वडील उद्यमनगरात, इथल्या कारखान्यांच्या भागात, लेथवर आहेत. त्यांनी खुर्चीला कांब वाकवून एक पट्टी लावली, तिच्या टोकाला मोठं बटण बसवलं. बटण दाबलं की रेडिओ लागतो. उद्यमनगरात नमुना ठेवला की इंजिनाचा पार्ट तयार होऊन मिळतो. खुर्चीची पट्टी, डोक्याचा आधार, टॅब्लेट धरणारा हात हे काम इथल्या माणसांना अवघड नाही. बोलण्यासाठी मुंबईच्या आयआयटीने केलेलं जेलो हे चित्रांचं ॲप मराठीत फुकट मिळतं. आधी हे करून बघा.

पण गुडघा आठ-दहा दाबांत थकतो. थंडीत तो अजिबात हलत नाही, आणि आखडलेल्या पायाने नको तेव्हा बटण दाबलं जातं. आणि आमच्या बाकावर बसणाऱ्या दोघीजणींच्या मुलांकडे गुडघाही नाही, नजरही ठरत नाही. त्यांच्यासाठी मेंदूची लहर हे एकच दार उरतं. मी भांडतेय ते त्या दोघींसाठीही. हात हलवण्याचा नुसता विचार केला तरी कानापासून कानापर्यंतच्या पट्ट्यातली 8 ते 13 हर्ट्झची लय दबते, असं पुस्तकात आहे. पण ज्याच्या मेंदूला जन्मतानाच इजा झाली आणि ज्याने हात कधी मनासारखा हलवलाच नाही, त्याची लय पुस्तकातल्यासारखी असेल असं धरून चालू नका. प्रत्येक मुलाचं आपलं वेगळं निघेल. त्याला वेळ लागतो, आणि एका सेमिस्टरमध्ये तो बसत नाही.

लुकलुकणाऱ्या पडद्यांबद्दल एक सावधगिरी. सीपी असलेल्या बऱ्याच मुलांना आकडी येते, माझ्याही मुलाला येते. चौकोन ठरावीक वेगाने लुकलुकवून सिग्नल घेण्याची पद्धत सोपी आणि जलद आहे हे मान्य, पण त्या मुलाच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय ती आमच्या घरात सुरू करायची नाही.

आता मागणं. प्राचार्य आणि गाईड मंडळी, हे तुमच्या हातातलं आहे. ज्या प्रोजेक्टसाठी तुम्ही एखाद्या मुलाच्या घरी जाता, तो प्रोजेक्ट शेवटच्या वर्षाच्या मुलांनी तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे सोपवायचा, असा नियम करा. नवीन मुलांनी जुन्यांबरोबर आमच्या घरी किमान चार वेळा यायचं, मग जुन्यांनी निरोप घ्यायचा. कोड, तारांची आकृती, त्या मुलाच्या डोक्याचं माप, त्याला कोणत्या शब्दाने सैल वाटतं ते, सगळं एका वहीत मराठीत लिहून ती वही आमच्याकडे ठेवायची. मार्कांतले काही मार्क यंत्र सहा महिन्यांनी चालू आहे का यावर द्या. आणि लॅबची महागडी टोपी तुम्हाला देता येत नसेल, तर तिच्यावर प्रयोग करून आमच्या मुलाला चटक लावू नका. देता येईल त्याच किमतीत बसेल असं काहीतरी घेऊन सुरुवात करा, मग ते कमी हुशार असलं तरी चालेल.

पैशाचं म्हणाल तर 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला 18 वर्षांपर्यंत योग्य ती सहायक साधनं मोफत द्यावीत, असं त्याचं 17 वं कलम म्हणतं. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्या पैशातून एक साधनपेढी निघू शकते, जिथून टोपी, बटणं, खेळणी सहा-सहा महिन्यांसाठी घरी नेता येतील आणि दुरुस्तीला परत आणता येतील. आम्ही आईबाप अर्ज घेऊन गेलो की "असं साधन यादीत नाही" हे उत्तर मिळतं. तुमचा विभागप्रमुख सोबत आला, साधन टेबलावर ठेवलं, ते काय करतं हे त्याने समजावून सांगितलं, तर ते उत्तर बदलू शकेल असं मला वाटतं. माझ्या सहीला जे वजन नाही ते तुमच्या लेटरहेडला आहे.

मुलाच्या मेंदूच्या नोंदी कुठे ठेवता, कोण बघतं, हेही लिहून द्या. व्हिडिओ टाकायचा असेल तर आधी मला विचारा, आणि त्यालाही. त्याची नजर वर गेली तरच.

आणखी एक. जे द्याल ते उचलून नेता आलं पाहिजे. 2019 च्या महापुरात आम्ही त्याला खांद्यावर घेऊन बाहेर पडलो आणि त्याची खुर्ची पाण्यात राहिली. यंत्र एका पिशवीत मावलं पाहिजे.

ज्यांना यायचं असेल त्यांनी रविवारी साडेचारला या, तो झोपून उठलेला असतो. आमचा पत्ता आमच्या भागातल्या विशेष शिक्षकांना माहीत आहे. पहिल्या दिवशी टोपी, लॅपटॉप काही नको. तासभर त्याच्याजवळ बसा, सासूबाई चहा करतील, त्याची नजर कधी वर जाते ते बघा. गाडी आणायचीच झाली तर एका रंगाची आणू नका, दोन आणा, एक लाल आणि एक निळी. मागच्या वेळी लाल आम्हीच ठरवली होती, त्याला विचारायचं राहून गेलं.

आपली,
शुक्रवार पेठेतली एक आई